पुस्तकावर जीएसटी शून्य, मग माझे ४७ रुपये कुठे गेले?

माझी मामेबहीण पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करत होती. तीन वर्षं झाली, शेवटी तिने ठरवलं की आता नोकरी धरायची. खोली सोडायची तर आधी पुस्तकांचं काहीतरी करायला हवं. चार मोठे गठ्ठे होते. तिने एका अॅपवर ते चार संच म्हणून टाकले, प्रत्येकी १,२०० रुपयांना. जुन्या वस्तू विकायची जी अॅप्स असतात, त्यातलंच एक.

पहिला संच दोन दिवसांत गेला. आठवड्याने पैसे जमा झाले आणि तिचा मला फोन आला.

"दादा, पुस्तकांवर जीएसटी नसतो ना?"

"छापील पुस्तकांवर नसतो. का गं?"

"मग यांनी माझ्याकडून जीएसटी कसा कापला? मी हिशेब करून ठेवला होता, ९४० यायला हवे होते. ८९३ आलेत."

मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठव. तो आल्यावर लगेच कळलं काय झालंय ते. पण तिला समजावून सांगायला अर्धा तास लागला. तेव्हाच वाटलं की यावर एक लेख लिहायला हवा. कारण जुना मोबाइल, गिटार, सायकल, लेन्स, गेमिंगचा कन्सोल असं काहीही अॅपवर विकणारा प्रत्येक जण या ओळीपाशी अडखळतो.

स्क्रीनशॉटमध्ये काय होतं

विक्री किंमत: १,२०० रुपये
कमिशन १२ टक्के: १४४ रुपये
ठरावीक फी: २० रुपये
कुरिअर: ९६ रुपये
फीवरील जीएसटी १८ टक्के: ४६.८० रुपये
तुमच्या खात्यात: ८९३.२० रुपये

तिने पहिल्या तीन वजावटी धरल्या होत्या. १४४ अधिक २० अधिक ९६ म्हणजे २६०, आणि १,२०० मधून २६० गेले की ९४०. चौथी ओळ तिने धरलीच नव्हती, कारण वस्तू टाकताना अॅपने "कमिशन १२ टक्के" असं ठळक लिहिलं होतं आणि त्याच्याखाली करड्या बारीक अक्षरांत "अधिक लागू कर". ते "अधिक लागू कर" म्हणजेच हे ४६.८०.

आता नीट बघा. हा कर पुस्तकावर लागलेला नाही. १,२०० चे १८ टक्के २१६ होतात, तेवढे कापलेले नाहीत. २६० चे १८ टक्के कापलेत. म्हणजे इथे दोन वेगळे व्यवहार झाले आहेत. पहिल्यात माझ्या बहिणीने कोणाला तरी पुस्तकं विकली. दुसऱ्यात अॅपवाल्या कंपनीने माझ्या बहिणीला एक सेवा विकली: गिऱ्हाईक शोधून देणं, पैसे सुरक्षित घेणं, पार्सल पोहोचवणं. पहिल्या व्यवहारात ती विक्रेती आहे, दुसऱ्यात ती स्वतःच गिऱ्हाईक आहे. जीएसटी दुसऱ्या व्यवहारावरचा आहे, आणि जसा हॉटेलच्या बिलावरचा कर आपण भरतो तसा हाही गिऱ्हाइकानेच भरायचा.

वस्तूवर किती कर आहे याचा या ओळीशी काही संबंध नाही. पुस्तक असो, फ्रिज असो नाहीतर आजीची पितळी समई, कमिशनवर १८ टक्केच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, बऱ्याच वस्तू स्वस्त झाल्या, तेव्हा बहिणीसारखंच अनेकांना वाटलं की हेही कमी झालं असेल. नाही झालं. कमिशनसारख्या सेवा आधीही १८ मध्ये होत्या, आताही तिथेच आहेत.

दुकानदाराला परत मिळतात, आपल्याला का नाही?

खरी गोम इथे आहे.

समजा, एक मोबाइल अॅक्सेसरीजवाला आहे, जीएसटी नोंदणी असलेला. तोही तेच अॅप वापरतो आणि १,००० रुपयांचा हेडफोन विकतो. त्यावर १८० रुपये जीएसटी गिऱ्हाइकाकडून घेतो, जो त्याला सरकारकडे भरायचा आहे. अॅपने त्याच्याकडूनही २६० फी आणि ४६.८० जीएसटी घेतला असं धरू. महिन्याच्या हिशेबात तो म्हणतो, "मी सरकारला १८० देणं लागतो, पण ४६.८० तर मी अॅपला भरलेत, ते सरकारकडे पोहोचलेच आहेत. मग मी १३३.२० च भरतो." (माल खरेदीवरचा कर तो असाच वळता करतो, पण तो इथे बाजूला ठेवू.) याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. थोडक्यात, त्याच्यासाठी ते ४६.८० रुपये खर्चच नाहीत. या खिशातून त्या खिशात.

माझ्या बहिणीला सरकारला काही देणंच नाही, मग वळतं कशातून करणार? तिच्यासाठी ते ४६.८० कायमचे गेले. जीएसटीची साखळी जिथे संपते त्याला अंतिम ग्राहक म्हणतात, आणि पुस्तकं विकत असूनही ती या साखळीत अंतिम ग्राहकच आहे. हे विचित्र वाटतं खरं, पण कायद्याच्या तर्काने बरोबर आहे.

एक गंमत सांगतो. अप्पा बळवंत चौकातला नोंदणी असलेला पुस्तकविक्रेता जरी फक्त छापील पुस्तकं अॅपवर विकत असेल, तरी त्यालाही कमिशनवरचा जीएसटी परत मिळत नाही. कारण करमुक्त वस्तू विकण्यासाठी घेतलेल्या सेवेवरचं क्रेडिट कायदा देत नाही. "पुस्तकांवर शून्य कर" हे वाक्य ऐकायला जितकं स्वच्छ वाटतं तितकं ते आतून नसतं.

मग बहिणीचा पुढचा प्रश्न ओघानेच आला. "मी पण नोंदणी करून घेऊ का? मग मिळतील ना परत?" मी म्हटलं, बाई, अजिबात नको. एक तर तुझी पुस्तकं करमुक्त. आणि करपात्र वस्तू असत्या तरी आपण वापरलेल्या घरगुती वस्तू विकणं हा व्यवसाय नाही, त्यासाठी क्रेडिटचा प्रश्नच येत नाही. शिवाय नोंदणी केली की रिटर्न भरत बसायचं. भरायला विसरलं तर काहीच व्यवहार नसलेल्या रिटर्नलासुद्धा दिवसाला २० रुपये लेट फी, व्यवहार असेल तर ५०. चार गठ्ठ्यांचे मिळून १८७ रुपये वाचवायला कोणी हा उपद्व्याप करत नाही.

जुनी वस्तू विकली म्हणून मीच जीएसटी भरायचा का?

हा प्रश्न डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर होता. २१ डिसेंबरला जैसलमेरमध्ये जीएसटी कौन्सिलची ५५ वी बैठक झाली आणि जुन्या गाड्यांवरचा कर १८ टक्के करायचं ठरलं. लगेच मेसेज फिरायला लागले: "१२ लाखांची गाडी ९ लाखांना विकली तर ३ लाखांच्या तोट्यावर १८ टक्के टॅक्स!" आमच्या ऑफिसात दोघांनी या भीतीने जुनी गाडी घाईघाईने विकायला काढली होती.

प्रत्यक्षात तो कर नोंदणी असलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आहे, आणि तोही नफ्याच्या फरकावर. फरक उणे असेल तर कर नाही. तुम्ही तुमची वापरलेली गाडी शेजाऱ्याला विकलीत तर जीएसटीचा संबंध येत नाही. जीएसटीच्या सुरुवातीलाही, जुलै २०१७ मध्ये, असाच गोंधळ जुन्या दागिन्यांवरून झाला होता. घरातलं सोनं सराफाला विकलं तर कर लागणार का? तेव्हाही सरकारने खुलासा केला की एखाद्या व्यक्तीने स्वतःचे दागिने विकणं हा तिचा व्यवसाय नाही, म्हणून जीएसटी नाही.

तेव्हा जुना फोन, जुनी गिटार, पुस्तकं, टेबल यांच्या विक्रीवर तुम्ही जीएसटी लावायचाही नाही आणि भरायचाही नाही. इन्कम टॅक्सच्या बाबतीतही रोजच्या वापरातल्या अशा वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं यांची गोष्ट वेगळी, त्यांवर भांडवली नफा मोजला जातो.

आणखी एक. जीएसटी कापला जातो तो मिळणाऱ्या पैशांतून, किंवा अॅपच्या बिलात येतो. "तुमचं पेमेंट अडकलंय, आधी १८ टक्के जीएसटी या क्यूआर कोडवर भरा" असं कोणी खरेदीदार सांगत असेल तर तो चोर आहे. फोन ठेवा.

क्रोशाच्या पिशव्या विकायला लागलात तर

आतापर्यंत बोललो ते घरातली अडगळ विकण्याबद्दल. पण अनेकांचं असं होतं की आधी चार वस्तू विकतात, मग आवड लागते, मग स्वतः बनवून किंवा घाऊक आणून विकायला लागतात. तिथे तुम्ही व्यवसायात शिरता आणि नियम बदलतात.

पूर्वी ऑनलाइन मार्केटप्लेसवर करपात्र वस्तू विकायची तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. रस्त्यावरच्या दुकानदाराला ४० लाखांपर्यंत सूट, पण घरी बसून अॅपवर महिन्याला दहा पिशव्या विकणाऱ्या मुलीला पहिल्या रुपयापासून नोंदणी. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे बदललं. आता उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर नोंदणीशिवाय अॅपवर वस्तू विकता येतात. पॅन लागतो, आणि जीएसटी पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो आणि अॅप तोच मागतं.

पण अट आहे: माल राज्याच्या बाहेर पाठवायचा नाही. म्हणजे कोल्हापूरची मुलगी गोंदियाला पिशवी पाठवू शकते, निपाणीला नाही. सावंतवाडीचा मुलगा नागपूरला लाकडी खेळणी पाठवू शकतो, पण पेडण्याला नाही. सीमेजवळच्या लोकांना ही अट किती टोचत असेल! माझं मत विचाराल तर छोट्या विक्रेत्यासाठी ही अट आता काढून टाकायला हवी. पण आज ती आहे.

या नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांनाही कमिशनवर तोच १८ टक्के जीएसटी लागतो आणि तोही परत मिळत नाही. एक दिलासा मात्र आहे. अॅप कंपन्या नोंदणीकृत विक्रेत्यांच्या विक्रीतून ०.५ टक्के टीसीएस कापून सरकारकडे भरतात (१० जुलै २०२४ पूर्वी तो १ टक्का होता). नोंदणी नसलेल्यांकडून तो कापायचा नाही. इन्कम टॅक्सचा टीडीएस ही आणखी वेगळी ओळ. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का झाला, आणि व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल व पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापतच नाहीत. पॅन दिलाच नाही तर मात्र ५ टक्के जाऊ शकतात. म्हणून अॅपमध्ये ती माहिती भरायचा कंटाळा करू नका.

माझ्या कामाची गोष्ट: परत आलेला संच

दुसरा संच विकला गेला आणि परत आला. घेणाऱ्याला नवी आवृत्ती हवी होती. अॅपच्या नियमाप्रमाणे कुरिअर आणि ठरावीक फी परत मिळत नाही, कमिशन मिळतं. चार दिवसांनी कमिशनचे १४४ रुपये जमा झाले.

मी विचारलं, "आणि त्यावरचा जीएसटी?"

तो आलाच नव्हता. १४४ चे १८ टक्के, २५ रुपये ९२ पैसे.

हे बघून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. मी स्वतः एका कंपनीत विक्रेत्यांच्या हिशेबाचा कोड लिहिला आहे आणि अगदी हीच चूक एकदा केली आहे. खातेवहीत फीची एक ओळ आणि तिच्या कराची दुसरी ओळ अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. ऑर्डर रद्द झाली की एक प्रोग्रॅम फीच्या ओळीची उलटी नोंद टाकतो. कराची ओळ उलटवायचं काम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, जो रात्री चालतो. पूर्ण ऑर्डर रद्द झाली तर दोघांचं जुळतं. पण "कमिशन परत द्या, कुरिअर देऊ नका" असा अर्धवट परतावा आला की दुसरा प्रोग्रॅम म्हणतो, पूर्ण रक्कम जुळत नाही, सोडून दे. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, कारण टेस्ट लिहिताना आपण पूर्ण रद्द होणाऱ्या ऑर्डरच घेतो. मी तरी तशाच घेतल्या होत्या. त्या अॅपमध्ये नेमकं हेच झालं होतं की दुसरं काही, ते बाहेरून मला दिसणं शक्य नव्हतं.

सेवाच रद्द झाली तर तिच्यावरचा कर कंपनीने ठेवून घ्यायचा नसतो. कायद्यात त्यासाठी क्रेडिट नोट आहे: कंपनी ती काढते, मुदतीत काढली तर सरकारला द्यायचा कर तेवढा कमी करते आणि तुम्हाला पैसे परत देते. कंपनीच्या खिशाला काही लागत नाही. म्हणून मागताना संकोच करायचं कारण नाही.

बहिणीने अॅपच्या मदत केंद्रात लिहिलं, "माझा जीएसटी कापला." उत्तर आलं की जीएसटी सरकारी नियमानुसार आहे. ठरावीक साच्यातलं उत्तर. मग मी तिला नेमका मजकूर लिहून दिला: "अमुक ऑर्डरच्या कमिशनचे १४४ रुपये परत मिळाले आहेत. मूळ टॅक्स इन्व्हॉइसमध्ये त्या १४४ वर २५.९२ जीएसटी आकारला होता. त्याची क्रेडिट नोट पाठवा आणि रक्कम जमा करा." नऊ दिवसांनी पैसे आले. "क्रेडिट नोट" हे दोन शब्द दिसले की तक्रार साच्यातून निघून हिशेब विभागाकडे जाते, असा माझा अनुभव आहे.

यासाठी टॅक्स इन्व्हॉइस हाताशी हवं. बहुतेक अॅप्समध्ये ते पेमेंट किंवा सेटलमेंटच्या पानात खोल कुठेतरी दडलेलं असतं, पण असतं. त्यात अॅप कंपनीचा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर दिसेल. पहिले दोन अंक राज्याचे: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा. तो नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून कंपनी खरी आहे का हे लॉगिन न करता तपासता येतं. कंपनीने महाराष्ट्रातल्या नोंदणीवरून तुम्हाला बिल केलं तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी असं दिसेल, बाहेरच्या राज्यातून असेल तर १८ टक्के आयजीएसटी. बेरीज तीच. फक्त तुमचा पत्ता अॅपमध्ये बरोबर असू द्या, कारण राज्याच्या वाट्याचा कर कोणत्या राज्याला जायचा हे त्यावरून ठरतं.

किंमत किती लावायची?

आता कामाचं गणित. अॅपने सांगितलेल्या टक्क्याला १.१८ ने गुणा. १२ टक्के कमिशन म्हणजे खरं १४.१६ टक्के. १० म्हणजे ११.८. ठरावीक फी आणि कुरिअरचंही तसंच: ११६ रुपये म्हणजे खरे १३६.८८.

हातात ९४० हवे असतील तर ९४० मध्ये १३६.८८ मिळवा, येतात १,०७६.८८. त्याला ०.८५८४ ने भागा (१ मधून ०.१४१६ वजा केले). उत्तर १,२५४ रुपये आणि वर थोडे पैसे. म्हणजे १,२५५ ला टाका. फोनच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम. "कमिशन शून्य" लिहिलेलं असेल तर शून्याचे १८ टक्के शून्यच, पण मग कुरिअर, परतावा आणि जाहिरात यांच्या ओळी आधी बघा.

दुसरा मार्ग म्हणजे फी असलेला रस्ताच न घेणं. ब्रिटनमध्ये ईबेने १ ऑक्टोबर २०२४ पासून गाड्या सोडून बाकी सगळ्यासाठी खासगी विक्रेत्यांची फी काढून टाकली. फी नाही तर तिच्यावरचा व्हॅटही नाही. अर्थात कंपनीने पुढे २०२५ मध्ये खरेदीदाराकडून फी घ्यायला सुरुवात केली. पैसे कुठून तरी येणारच. आपल्याकडे ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिरात टाकून प्रत्यक्ष भेटून व्यवहार केला तर कमिशन नाही, आणि त्यावरचा जीएसटीही नाही. मात्र जाहिरात वर दिसावी म्हणून पॅकेज विकत घेतलंत तर त्याच्या बिलात १८ टक्के असतातच. आणि अॅप देतं ती पैशांची हमी इथे नाही, फसवणूक झाली तर तुम्हीच निस्तरायची. महागडा कॅमेरा अनोळखी माणसाला विकताना मी स्वतः ती फी देईन. बाराशेच्या पुस्तकांसाठी देणार नाही.

बहिणीने परत आलेला संच आणि तिसरा संच अॅपवर १,२५५ ला टाकला, दोन्ही गेले, प्रत्येकी ९४० रुपये ४१ पैसे आले. चौथ्याच्या वेळी तिने अभ्यासिकेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. संध्याकाळी एक ज्युनिअर मुलगी खाली आली, हजार रुपये यूपीआय केले आणि गठ्ठा स्कूटीवर पायाशी ठेवून घेऊन गेली.